आरशापाशीची बाई

३ जानेवारी

आज तिघांना परत पाठवलं. एकाची दाढी. "कालच केली होती हो बाई!" काल केली असेल, आज उगवली त्याला मी काय करू? दुसरीच्या नखांवर जांभळा रंग. तिसरा तो आकाशपाळण्यावरचा लांबू. कानात बाळी. म्हणे, काढली तर भोक बुजतं. बुजू दे!

सव्वाआठ ते साडेनऊ मी त्या आरशाशेजारी उभी असते. एकशे बारा माणसं समोरून जातात. केस, नखं, बूट, बिल्ला, हसू. त्यानंतर दार, आणि दाराशी जमिनीवर पिवळी रेघ. रेघेच्या अलीकडे भांडा, रडा, जांभया द्या. पलीकडे करमणुकीची बाग आणि पाहुणे. रेघ ओलांडताना चेहरा हसरा हवा आणि संध्याकाळी परत येईपर्यंत हसराच राहायला हवा. बसायचं नाही, टेकायचं नाही, घड्याळ बघायचं नाही. रस्ता दाखवताना बोट करायचं नाही, अख्खा तळवा पुढे करायचा. 'माहीत नाही' म्हणायचं नाही, 'विचारून सांगते' म्हणायचं. अस्वलाचे पोशाख आमच्याकडे दोन आहेत, पण पाहुण्यांना एका वेळी एकच अस्वल दिसलं पाहिजे. लहान मुलांना दोन दिसली की खेळ खलास.

अशी बत्तीस कलमं. बोटभर जाडीची निळी पुस्तिका. कामावर लागताना प्रत्येकाला मिळते. वाचतं कोण? शेवटच्या पानावर सही ठोकायची आणि कँटीनकडे पळायचं. साहेबसुद्धा वाचत नाहीत. अडलं की म्हणतात, "बाईंना विचारा, त्यांना पाठ आहे."

आहेच पाठ.

६ जानेवारी

धाकटी आणि मी एकाच बसने कामावर येतो. एकाच थांब्यावर उतरतो, ती पुढच्या दाराने, मी मागच्या. चौदा महिने झाले. घरीही तेच. दोन खोल्या, तिघी बायका, आणि आमचं दोघींचं बोलणं सगळं आईमार्फत. "आई, तिला सांग, साखर संपलीय." आईला धड ऐकू येत नाही, त्यामुळे तो निरोप मलाच तीनदा ओरडून सांगावा लागतो, आणि धाकटी दोन हातांवर बसून ऐकत असते. आज आई वैतागली. "मी काय पोस्टमन आहे? एकमेकींच्या तोंडाकडे बघून बोला की!"

तोंडाचंच तर झालं ना सगळं.

धाकटी मुख्य दारावर होती. पाहुण्यांना पहिलं 'या' म्हणायचं काम. तिच्या ओठाच्या कडेला पांढरा डाग उठला. आधी तांदळाच्या दाण्याएवढा, मग हनुवटीपर्यंत, मग बोटांवर. कोड. सतरा नोव्हेंबरला मी नोंदवहीत नोंद केली, साहेबांनी सही केली आणि ती खाली गेली, धुलाईला. पोशाख धुतात तिथे. तिथे पाहुणे येत नाहीत.

नियम सगळ्यांना सारखा. बहीण म्हणून सोडलं असतं तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं माझ्या.

११ जानेवारी

लांबूने नोकरी सोडली. एका बाळीपायी! आजकालची मुलं.

कलम एकतीस – सोडून जाणाऱ्याचा लॉकर आरशापाशीच्या बाईने तपासायचा आणि पुस्तिका परत घ्यायची. तपासला. पुस्तिका कोरी करकरीत. पानंसुद्धा सुटी झालेली नव्हती.

१५ जानेवारी

अस्वल म्हणजे अस्वलाच्या पोशाखात असतात ते गृहस्थ. पन्नाशीचे, बारीक, दम्याचे. आत असताना अवाक्षर काढायचं नाही, म्हणून बाहेर असताना त्यांच्या तोंडाला कुलूप नाही. आज आरशासमोर बूट दाखवता दाखवता म्हणाले, "बाई, तुम्ही पूर्वी दारावर होतात ना? मला आठवतंय."

"नऊ वर्षं होते."

"मग तुमच्या जागी तुमची धाकटी आली."

"मला इकडे बढती मिळाली."

"हो हो, बढती," म्हणाले आणि बूट पुसायला लागले. त्यांना म्हटलं, बूट स्वच्छ आहेत, पुढे चला.

२२ जानेवारी

सकाळी चूळ भरली तर पाणी आपोआप डाव्या बाजूने बाहेर. परत भरली. परत तेच. आरशात पाहिलं. डावा गाल लोंबतोय. डावा डोळा मिटत नाही. हसून पाहिलं. उजवी बाजू हसली. डावी बाजू दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी बघत राहिली.

आई म्हणाली, "दात दुखतोय का?" धाकटी स्टुलावर बूट घालत होती. तिने एकदाच वर पाहिलं. मग आईला म्हणाली, "तिला म्हणावं, कामावर नको, आधी डॉक्टरकडे जा."

मी कामावर गेले. सत्तावीस वर्षांत रजा घेतलेली नाही. पदर तोंडाशी धरून तासभर उभी राहिले. लोक माझ्यासमोर येऊन हसत होते आणि हसू अर्ध्यावर सोडून देत होते. अस्वलाने सरळ विचारलं, "बाई, हे काय? तुम्हाला कोण तपासतं?"

कुणीच तपासत नाही. असं कलमच नाही.

२३ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, "हसा."

जन्मभर दुसऱ्यांना सांगितलं मी हे. हसले. मग डोळे मिट, गाल फुगव, शीळ घाल. शीळ काही आली नाही. चेहऱ्याची नस सुजलीय. गोळ्या, डोळ्यात थेंब, झोपताना पापणी चिकटपट्टीने बंद करायची, नाहीतर डोळा कोरडा पडेल. "बहुतेकांचं परत येतं. दोन-तीन महिने धरा."

"आणि नाही आलं तर?"

"बहुतेकांचं येतं."

२५ जानेवारी

साहेबांनी बोलावलं. माझ्या तोंडाकडे बघवेना त्यांना, टेबलावरच्या पेपरवेटशी बोलत होते. "बाई, तुम्हाला आरशापाशी कसं ठेवायचं? लोक म्हणतात, आमचं हसू तपासणार आणि स्वतःचं..." वाक्य तिथेच ठेवलं. नंतर म्हणाले, "आजारपणाला काही सवलत आहे का हो पुस्तकात? तुम्हाला पाठ आहे."

"नाही साहेब," मी म्हटलं.

"बघा हं. नक्की?"

"नक्की. मला खाली पाठवा. जसं इतरांना पाठवलं तसं."

बाहेर आले तोवर बातमी कँटीनमध्ये पोचलेली. बाई स्वतःलाही सोडत नाहीत! बाईंचा नियम म्हणजे नियम! चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. अस्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, तुमच्यासारखं माणूस शोधून सापडायचं नाही." चहा डाव्या कोपऱ्यातून पदरावर गळत होता. मी पुसत राहिले.

२८ जानेवारी

तीन दिवस ही वही उघडली नाही. आज उघडली आहे तर लिहूनच टाकते. इथे तरी.

कलम सव्वीस. 'आजारामुळे किंवा जन्मतः चेहऱ्यावर वा शरीरावर आलेले डाग, व्रण, व्यंग यांना वरील कोणताही नियम लागू नाही. त्या कारणाने कोणालाही जागेवरून हलवू नये.' दोन वाक्यं. आज पाठ आहेत. सतरा नोव्हेंबरलाही पाठ होती.

विसरले नव्हते. चुकून झालं नाही. नोंदवही उघडली, पेन उचललं, ती दोन वाक्यं डोळ्यांसमोर उभी राहिली आणि मी त्यांना वळसा घालून लिहिलं, 'नियमात बसत नाही.' साहेबांनी न वाचता सही केली. धाकटीने कागद घेतला, वाचला, माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि बिल्ला काढून टेबलावर ठेवला. 

का केलं? त्या आधीच्या आठवड्यात पाहुण्यांचं एक पत्र आलं होतं. साहेबांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. 'दारावरच्या मुलीने आमच्या छोटीचं रडणं थांबवलं. पूर्वी इथे एक कडक बाई असायच्या, आमची मुलं त्यांना बिचकायची.' सगळे हसले. धाकटीसुद्धा हसली. तिला कळलं नसेल की ती बाई मी. किंवा कळलं असेल, पण पत्रातलं कौतुक ऐकून हसू आलं असेल, तेही स्वाभाविक. पण ती हसली. त्या हसण्याचे सहा दात मीच शिकवले होते तिला. घरी आरशासमोर उभं करून! वरचे सहा दिसले पाहिजेत, हिरडी दिसता कामा नये, डोळेही हसले पाहिजेत. ती अकरा वर्षांनी लहान माझ्याहून. वेण्या मी घातल्या, शाळेत मी पोचवलं, ही नोकरी मी लावून दिली. आणि लोकांना बिचकवणारी बाई मी.

मग डाग आला आणि मला बरं वाटलं. तसंच वाटलं होतं.

आता माझ्याच गळ्यात अडकलंय. साहेबांना सव्वीस कलम सांगितलं तर उद्या आरशापाशी परत. पण 'मग तुमच्या बहिणीचं काय?' हा प्रश्न सुचायला साहेबांना दोन मिनिटं पुरली असती. आणि तो प्रश्न जिना उतरून धुलाईत जायला पाच.

म्हणून 'नाही साहेब'. आणि लोक माझं कौतुक करतायत.

१ फेब्रुवारी

धुलाई. सव्वीस पायऱ्या उतरून. मोजल्या, आणि मोजल्याचा पश्चात्ताप झाला.

वाफ, साबण, आणि घाम – शंभर माणसांचा. खुंट्यांवर डोकी उलटी टांगलेली. ससे, हत्ती, दोन्ही अस्वलं शेजारी शेजारी. इथे दोन दिसली तरी चालतात. धाकटी एप्रन बांधून उभी होती. आई नाही मध्ये, कुणीच नाही. शेवटी तीच बोलली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा थेट.

"डोकी मशिनमध्ये घालायची नाहीत. आत हात घालून ब्रशने. सशाचे कान वेगळे, आत तार असते. आधी डोळ्यात थेंब घाल, वाफेने सुकेल तो."

"घातलेत."

"परत घाल."

२ फेब्रुवारी

सशाचे चौदा कान. पाठ मोडली.

६ फेब्रुवारी

पापणीवर पट्टी मला नीट लावता येत नाही. रोज सकाळी पाहावं तर सुटलेली, डोळा लाल. आज धाकटी पलंगाशी आली, पट्टी माझ्या हातातून घेतली. "मिट." मिटत नाही म्हणूनच तर. तिने बोटाने पापणी खाली ओढली, धरली, पट्टी लावली. तिचं बोट एवढं जवळून मी कधी पाहिलं नव्हतं. पेरापर्यंत पांढरं, त्यावर नेहमीच्या रंगाचे दोन छोटे ठिपके उरलेले. साबणाचा वास.

"थँक्यू," मी म्हटलं.

आई लांबून ओरडली, "काय म्हणाली ती?"

"काही नाही म्हणाली," धाकटी म्हणाली.

१४ फेब्रुवारी

अस्वलाचं डोकं आतून घासत होते. तोंडाच्या जागी जाळी आहे, तिच्यातून बघायचं असतं. आतल्या बाजूला हनुवटीशी पेनने लिहिलंय – 'श्वास घे'. त्यांचं अक्षर असणार. इतकी वर्षं सगळ्यांचे बूट तपासले, हे कधी पाहिलं नाही.

धाकटी शीळ घालत इस्त्री करते. चांगली घालते. इथे हसण्याची सक्ती नाही म्हणते ती, म्हणून कधी कधी हसू येतं.

१९ फेब्रुवारी

आज मशिन बंद पडलं, कारागीर येईपर्यंत दोघी कपड्यांच्या ढिगावर बसलो. बसलो! तिने डब्यातली अर्धी पोळी मला दिली, छोटे तुकडे करून, कारण मला चावताना गाल अडकतो.

मग तीच म्हणाली, "मी तेव्हा फार रागावले होते तुझ्यावर."

मी पोळी चावत राहिले.

"पण तू तरी काय करणार होतीस, ताई? नियमच होता. ना?"

त्या 'ना'नंतर ती थांबली. माझ्याकडे बघत होती. पोळीचा तुकडा हातात तसाच. मला वाटतं पुष्कळ वेळ थांबली.

"नियम होता," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि उठून मशिनचं दार उघडून बंद केलं, उगाच.

२० फेब्रुवारी

माफ केलंय तिने मला. जे मी केलंच नाही, त्यासाठी. आणि जे केलं ते तिला ठाऊकच नाही. 

२६ फेब्रुवारी

आई खुशीत आहे. आम्ही दोघी थेट बोलतो, म्हणून तिच्यावरचा भार उतरला. शेजारणीला सांगत होती, "आजारपणाने का होईना, माझ्या पोरी एक झाल्या. वाईटातून चांगलं निघतं ते असं." मला तोंड फिरवावं लागलं. बरं झालं, डावं तोंड कुणाला कळत नाही.

३ मार्च

आज सांगायचं ठरवलं होतं. बसमध्ये एकाच बाकावर बसलो होतो. वाक्य तयार केलं – 'पुस्तिकेत एक कलम आहे.' एवढंच. पुढचं आपोआप आलं असतं.

"पुस्तिकेत..." म्हटलं.

"काय पुस्तिकेत?" ती लगेच वळली. इतक्या पटकन वळली की मी घाबरले.

"...टोप्यांबद्दल काय लिहिलंय ते बघायला हवं. उन्हाळा आला."

"हं," म्हणाली. खिडकीबाहेर बघायला लागली. उतरताना पुढच्या दाराने गेली. सवय असेल.

भित्री! एवढी वर्षं लोकांना थरथर कापायला लावणारी बाई, आणि टोप्या!

९ मार्च

काही नाही. कान, कान, कान.

१७ मार्च

डाव्या ओठाचा कोपरा हलला! एकदाच, पोळीचा घास घेताना. धाकटीने पाहिलं. टाळी वाजवली तिने, साबणाचे हात, सगळीकडे फेस. "परत कर! परत कर!" मी करत राहिले, दहातून तीनदा जमलं. ती मला आरशासमोर घेऊन गेली, धुलाईत एक फुटका आहे. मागे उभी राहिली. "वरचे सहा," म्हणाली माझ्याच आवाजात, "हिरडी नको!"

दोघी हसलो. माझं अर्धं-पाऊण. तिचं सगळं, डागासकट. हे हसू मी दारावरून उचलून तळघरात आणून ठेवलं. पोरं रडायची थांबायची ह्या हसण्याने.

रडू आलं. तिला वाटलं आनंदाचं.

२९ मार्च

डोळा मिटतो. पट्टी नको आता. धाकटीने उरलेला गुंडाळा माझ्या उशीखाली ठेवला. "आठवण म्हणून."

५ एप्रिल

साहेबांनी वर बोलावलं. हसून दाखवायला लावलं. "वा! सोमवारपासून आरशापाशी. तुमच्याशिवाय सगळं ढिलं पडलंय बघा. काल एकाच वेळी दोन अस्वलं बाहेर!"

उठताना धीर केला. "साहेब, धाकटीलाही वर आणता येईल. दारावर."

"तिचा डाग गेला?"

"नाही. पण..."

"मग? नियम बदललाय का?"

इथे सांगायचं होतं. टेबलावर निळी पुस्तिका पडलेली होती, पेपरवेटखाली. हात लांब केला असता तर सव्विसावं कलम.

"मी बघते, मेकअपने झाकता आलं तर," मी म्हटलं. काय म्हटलं मी हे!

घरी तिला सांगितलं – साहेबांशी बोलले, मेकअप लावलास तर दार मिळेल. भाजी निवडत होती. हात थांबले. "झाकून?" म्हणाली. "आणखी काही बोललीस साहेबांशी?"

"नाही. एवढंच."

"बरं," म्हणाली. निवडलेली आणि न निवडलेली भाजी एकत्र झाली तिच्या हातून, परत सगळी निवडत बसली.

८ एप्रिल

आरशापाशी. चौघांना परत पाठवलं. अस्वलाने टाळ्या वाजवल्या. त्यांना हळूच म्हटलं, आत दम लागला तर डोकं काढा, मी नोंद करणार नाही. माझ्याकडे बघत राहिले. "बाई, बरं आहे ना?"

धाकटी पहाटेच्याच बसने गेली होती. माझ्या आधीच्या.

१० एप्रिल

"आई, तिला सांग, मी रविवारी जातेय." धाकटीचे शब्द. परत आईमार्फत.

दुसऱ्या गावी, डोळ्यांच्या दवाखान्यात स्वागताच्या टेबलावर. अर्जात तिने डागाबद्दल आधीच लिहिलं होतं. त्यांचं उत्तर आलं – 'त्याचा इथे काय संबंध?' आईने ते कौतुकाने मला वाचून दाखवलं. दोनदा. "बघ, जगात अशीही माणसं आहेत."

"आई, तिला विचार," मी म्हटलं, "मी काही केलं का?" आई म्हणाली, "अगं, ती समोर बसलीय, तिलाच विचार!"

विचारलं नाही. ती समोर बसलेली होती.

१४ एप्रिल

गेली. एक बॅग, एक उशी. बस सुटायच्या आधी माझ्या गालाला हात लावून पाहिला, डाव्या. "अजून किंचित राहिलंय," म्हणाली. "थेंब घालत जा." मग लॉकरची किल्ली हातात दिली. "कलम एकतीस. तूच तपास."

घरी आल्यावर आई खुर्चीत बसली. मग म्हणाली, "आता निरोप कुणाला सांगू?"

१५ एप्रिल

लॉकर एक्केचाळीस तपासला. एक टॉवेल. रिकामी साबणाची डबी. निळी पुस्तिका, पानं हाताळून मऊ झालेली. सव्विसाव्या कलमाखाली पेन्सिलची रेघ. शेजारी तिच्या अक्षरात – '१७ नोव्हेंबर. ताईला पाठ आहे. सांगेल.'